सगळ्यांना चार

४ फेब्रुवारी

ही वही डॉक्टर ओकाम्पोनं दिली. हिरव्या पुठ्ठ्याची, वर विद्यापीठाचा शिक्का. म्हणाली, "दोन्या एर्मेलिंदा, भेटी झाल्या की त्याच दिवशी यात लिहीत जा. कोण काय बोललं, तुम्हाला काय वाटलं. भावनासुद्धा लिहा." भावनासुद्धा म्हणे! मी काय तिची शाळेतली मैत्रीण आहे? वही चांगली आहे, वाया का घालवायची, म्हणून लिहीन. पण तिच्या नजरेला यातली एक ओळ पडणार नाही.

या बाईचे आजोबा मेक्सिकोतल्या साकातेकासहून आले आणि याच खोऱ्यात लिंबं तोडता तोडता म्हातारे झाले. नातीनं कागद काळे करून पदवी घेतली आणि आता ती आम्हाला शिकवायला आली आहे. अंगानं पिसं काढलेल्या कोंबडीसारखी. स्पॅनिश बोलते तेव्हा वाटतं, भाताच्या घासात खडे लागताहेत. आम्हाला ती 'लॅटिनएक्स' म्हणते. मी विचारलं, हे कोण लोक? म्हणाली, "तुम्हीच." साठ वर्षं जगले, मला आजवर कुणी सांगितलंच नाही.

काम असं आहे. आमच्या एल तुलार वस्तीतल्या साठ बायकांच्या घरी जायचं. वीस वाक्यं वाचायची आणि प्रत्येकीपुढे शून्य ते चार यातला आकडा लिहायचा. शून्य म्हणजे अजिबात खरं नाही, चार म्हणजे अगदी खरं. 'संकटातून मी लवकर सावरते.' 'अडचणीत मला कुणाचा तरी आधार असतो.' असलं काहीबाही. यावरून म्हणे माणसाचं मन किती चिवट ते कळतं. हाच कागद पाच वस्त्यांत फिरणार आहे, पंजाबी बागायतदारांच्यातही आणि कालव्यापलीकडच्या डेअरीवाल्यांच्यातही. मग कोणती जात किती सोसते ते तराजूत घालून पाहणार.

साठांत पहिला कागद माझाच भरून घेतला. मी तीन मिनिटांत ऐंशीपैकी ऐंशी लिहून दिले. ती म्हणाली, जरा विचार करून लिहिलंत तरी चालेल. मी म्हटलं, विचार करायला वेळ कुणाला आहे?

मला हे काम का दिलं ते उघड आहे. संत्र्यांच्या शेडमध्ये एकतीस वर्षं फळांच्या सरकत्या पट्ट्यावर उभी आहे, निम्मी वस्ती माझ्या हाताखाली फळ निवडायला शिकली. मला दार न उघडण्याची कुणाची छाती नाही.

परवाच्या कांदेलारियाच्या सणाचे मक्याचे तमाले उरले आहेत. सुनेनं, आरासेलीनं, अर्धा खाल्ला. माझा एफ्राइन जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून हिचं हे चिमणीसारखं टोचणं चालू आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आरासेलीचा रडण्याचा वार. चर्चच्या मागच्या खोलीत इनेस बार्रागान नावाची समुपदेशक बाई बसते. दोन-तीन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि वस्तीतल्या चार-पाच नाजूक बाया. एफ्राइन गेल्यापासून आरासेली गाडीच्या स्टिअरिंगला हात लावत नाही, म्हणून नंतर घेतलेल्या छोट्या गाडीनं मीच सोडते आणि मीच आणते.

आजही दार उघडताना म्हणाली, "सासूबाई, आत या ना. तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय."

"का? माझ्या पायांना काय झालंय?"

"बरं," म्हणाली आणि गेली. दर गुरुवारी हेच विचारते. कंटाळत कशी नाही?

मी पोटचा पोर पुरला. नऊ दिवस जपमाळ ओढली आणि दहाव्या दिवशी पट्ट्यावर उभी राहिले. मला कुणी रुमालांचा डबा दिला नव्हता.

१० फेब्रुवारी, रविवार

एफ्राइनची पिकअप सुरू केली. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवते. गाडी नुसती उभी राहिली की खराब होते, बाकी काही नाही.

१२ फेब्रुवारी

आज कोमाद्रे एउस्तोलियाकडे गेले. एफ्राइनची ती धर्ममाता, त्यामुळे आमचं नातं सख्ख्या बहिणींच्या वर. दोन नवरे पुरलेली बाई. वाटलं, ही तरी ताठ असेल. आठवं वाक्य वाचलं, 'चिंता बाजूला ठेवून मला झोप लागते.'

"एक लिही," म्हणाली.

"परत एक? डोकं फिरलं का तुझं?"

"अगं, पाठ टेकली की दोघंही येऊन बसतात. एक उशाशी, एक पायथ्याशी. आणि दोघांचं आपसात पटत नाही."

"एउस्तोलिया, हा कागद विद्यापीठात जाणार. कालव्यापलीकडचे वाचणार. तू एक सांगणार?"

ती म्हणाली, "लिही बाई तुला हवं ते." मी चार लिहिलं. मागच्यापुढच्या सगळ्यांनाही चारच.

तिनं खरे दिलेले आकडे इथे लिहून ठेवते: ३, २, ०, १, ३, २, ४, १, आणि पुढे सगळे दोन. कोण किती कुंथलं याची नोंद असलेली बरी. उद्या कुणी माझ्यापुढे मिजास केली तर कामाला येईल.

२० फेब्रुवारी

चौदा घरं झाली. शेजारच्या रेमेदिओसनं मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. "चार. सगळ्यांना चार घाल. आधी बस, पोसोले गरम आहे."

"ऐकून तरी घे."

"तू माझ्या दारात आलीस, तुला कमी कसं देऊ? मी काय तुला उपाशी पाठवणार आहे?"

मी समजावलं की हे गुण मला नाहीत, तुला आहेत. ती मान हलवत म्हणाली, "हो हो, कळलं. चार." वाटीत आणखी एक पळी ओतली. तिच्या पलीकडच्या शेजारणीनं तर विचारलं की यावर मला बढती मिळणार का, मिळत असेल तर पाच लिही.

आणि कागद पिशवीत गेला की मग यांची तोंडं उघडतात. रेमेदिओस दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून सांगायला लागली की नवऱ्याला इमिग्रेशनवाल्यांनी कोर्टाच्या पायरीवरून उचलून नेलं तेव्हापासून तिचे हात थरथरतात, पट्ट्यावर फळ सुटतं. मी म्हटलं, मग कागद पुढे होता तेव्हा दातखीळ बसली होती का? म्हणाली, "ते परक्यांसाठी होतं. हे तुला सांगतेय." दारात उभ्या उभ्याच तिला परत आकडे विचारले. बहुतेक एक, दोन शून्य. तेही लिहून ठेवलेत. कागदावरचे चार तसेच राहू दिले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

३ मार्च, रविवार

गाडीत जरा जास्त वेळ बसले. तासभर झाला असेल. आरासेली येऊन बॉनेटवर कॉफीचा कप ठेवून गेली. दर रविवारी ठेवते. रंगावर गोल डाग पडतो, दहादा सांगून झालं, पण ऐकेल तर शपथ. एक शब्द न बोलता ठेवते आणि जाते. मुलुखाची मुखदुर्बळ.

बॅटरीचं असं असतं की ती उतरली की उतरली. त्या डिसेंबरात उतरली होती. आदल्या संध्याकाळी मी नाताळाआधीच्या पोसादाच्या प्रार्थनेला पिकअप घेऊन गेले होते. थंडीत हात गारठले म्हणून घाईनं घरात शिरले, हेडलाइट बंद करायचे राहिले. सकाळी गाडी सुरू होईना. दाट धुकं होतं. एफ्राइन छाटणीच्या टोळीबरोबर ठेकेदाराच्या व्हॅननं गेला, आणि हमरस्त्यावर त्या व्हॅनवर मागून एकामागोमाग सतरा गाड्या आदळल्या.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून काय उपयोग? गाडीची काळजी घ्यायला हवी, एवढंच.

२८ मार्च, गुरुवार

पाच वस्त्यांत आम्ही पहिल्या! ऐंशीपैकी सत्त्याहत्तर. डेअरीवाले एकोणपन्नासवर आडवे. त्यांच्याकडे म्हणे गाय विकायची वेळ आली तरी माणूस वैद्याकडे धावतो. डॉक्टर ओकाम्पोच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या समाजाच्या या आंतरिक शक्तीपुढे मी नतमस्तक आहे," म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, याला आता आंतरिक शक्ती म्हणायचं. तरी खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली. येताना केक आणला. नात इत्सेलनं दोन तुकडे खाल्ले, तिच्या आईनं वरचं क्रीम चाटलं.

२५ एप्रिल, गुरुवार

खोलीच्या दाराला कागद चिकटवलाय. जुलैपासून गुरुवार बंद. काउंटीवाले, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे लोक, इनेस बार्रागानला कालव्यापलीकडे पाठवणार, कारण पाहणीत तिथली गरज जास्त दिसली. वाचून मला आधी हसूच आलं. म्हटलं, घ्या, रडतोंड्यांना रडायला बाई मिळाली.

आरासेली गाडीत बसली. मला वाटलं आता गंगायमुना. पण हिचे डोळे कोरडे.

"मग जूनमध्ये शाळा संपली की मी आणि इत्सेल आईकडे जाऊ. उत्तरेला, याकिमाला."

"किती दिवस?"

"कायमच्या."

"एका खोलीसाठी?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सासूबाई, मी गुरुवारी तिथे बसते म्हणून उरलेले सहा दिवस तुमच्या घरात राहू शकते."

मी गाडी सुरू केली. घराचं वळण चुकले. मी, एर्मेलिंदा तोवार.

२९ एप्रिल

कोमाद्रेकडे गेले. वाटलं, चार शब्द धीराचे बोलेल. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "मी एक म्हणाले होते. तुला चारच हवं होतं. आता पोरगी चालली तर चार चार म्हणत बस एकटी."

"मी वस्तीची अब्रू राखली."

"वस्तीची? तुझी गं तुझी. आमच्या झोपेवर तू आपली अब्रू टांगलीस." मग म्हणाली, "मीही जायचे त्या खोलीत. दर तिसऱ्या गुरुवारी. बसनं. तुझ्या गाडीसमोरून जायला लाज वाटायची, म्हणून मागच्या दारानं."

तिथून तशीच डॉक्टरकडे गेले. म्हटलं, आकडे खोटे आहेत. काहींनी पाहुणीला ताट वाढावं तसे चार वाढले आणि उरलेल्यांचे मी हात धरून लिहिले. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. पण बाई ओरडली नाही, हे मान्य करायला हवं.

"आता आठवून सांगितलेलं मी घेऊ शकत नाही," ती म्हणाली. "पण पंधरा मेला त्या खोलीबद्दल काउंटीची बैठक आहे. त्या त्या दिवशी, त्या त्या घरी दिलेली खरी उत्तरं कुणी लिहून ठेवली असतील, तर ती मी पुढे मांडू शकते. दोन्या एर्मेलिंदा, ती हिरवी वही..."

"लागतील तेवढी पानं फाडून दिली तर?"

"आख्खी वही लागेल. पान फाडलेलं दिसलं की लोक विचारणार, काय लपवलंत?"

"मी काही लिहिलेलं नाही," असं सांगून उठले.

१० मे, आमचा मेक्सिकन मातृदिन

पहाटे चर्चची पोरं दारात गाऊन गेली. इत्सेलनं पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. त्यावर तीन बायका काढल्यात, एक छोटी, एक बारीक, एक जाडी. जाडी मी. तिघींच्या मागे लाल पिकअप. "आजी, याकिमाला बर्फ पडतो का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पडत असेल. "मग तू गाडीत बसून गारठशील," म्हणाली. तिला वाटतंय मीपण जाणार.

सबंध वही वाचून काढली. साठांपैकी एकेचाळीस बायकांचे खरे आकडे आहेत यात. कुंथणाऱ्यांची यादी म्हणून ठेवले होते, आता तेच सोन्याच्या मोलाचे. आणि त्यांच्या मधोमध तीन मार्च. मी त्या पानावर किती थोडं लिहिलंय! मला वाटलं होतं, पानंच्या पानं भरली असतील.

डॉक्टर वाचेल. काउंटीचे लोक वाचतील. त्यांची मला फिकीर नाही, ते मला कुठे भेटणार आहेत? पण त्या पानातलं आरासेलीला दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर? आणि वही दिली नाही तर ती जाईलच. म्हणजे दिली तरी गेली, नाही दिली तरी गेली. निदान ज्या कारणानं जायचं ते खरं असू दे.

मला भीती वाटते. हे वाक्य त्यांच्या वीस वाक्यांत नव्हतं.

१४ मे

आज शेडमधून आल्यावर वही तिच्या हातात दिली. म्हटलं, "आधी तू वाच. यात तुला मी बरंच काही वाईटसाईट बोललेय."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. वही घेऊन बाहेर गेली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. स्टिअरिंगमागे. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी. बीन्स करपले. अर्धा तास झाला, तास झाला. शेवटी राहवेना म्हणून कॉफी केली, नेऊन बॉनेटवर ठेवली आणि परत वळले. ती नेहमी असंच करते ना.

मागून काच खाली झाल्याचा आवाज आला.

"दिवे मी पाहिले होते."

मी थांबले.

"त्या रात्री. याच खिडकीतून. इत्सेल मांडीवर झोपली होती, उठले असते तर जागी झाली असती. मनात म्हटलं, सासूबाई जातील बंद करायला. आणि मी पडदा ओढला." ती वहीकडे बघत बोलत होती. "हेच सांगायला जाते मी गुरुवारी. दोन वर्षं झाली, एवढंच सांगतेय. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही इतक्या... तुम्हाला काहीच होत नाही."

मी दुसऱ्या बाजूनं दार उघडून आत बसले. मला काय झालं ते लिहिता येणार नाही. शेजारची रेमेदिओस आवाज ऐकून कुंपणापर्यंत आली होती म्हणे, आणि शहाणी बाई परत गेली. रुमालांचा डबा नव्हता, दोघींनी एफ्राइनच्या जुन्या कामाच्या शर्टाला नाकं पुसली. तो मागच्या सीटवर तसाच होता. दोन वर्षं मी तो धुतला नव्हता.

कॉफी गार झाली. डाग पडलाच.

१५ मे, सकाळ

विद्यापीठाच्या पार्किंगमधून लिहितेय, वही दोन मिनिटांत द्यायची आहे.

डॉक्टर, आता हे तुम्हीच वाचणार, तर नीट ऐका. एकेचाळीस जणींचे आकडे खरे आहेत, ते बैठकीत जोरात वाचा, चाचरू नका. रेमेदिओसचं नाव घेऊ नका, तिच्या नवऱ्याचा निकाल लागायचाय. पिसं काढलेल्या कोंबडीबद्दल माफी मागत नाही, तुम्ही खरंच काही खात नाही. पुढच्या वेळी कुणाच्या घरी गेलात तर आधी ताट घ्या, कागद पिशवीतून काढूच नका, आणि निघताना दारात रेंगाळा. तिथे सगळं कळतं. खोली राहील की जाईल ते मला माहीत नाही. राहिली तर या गुरुवारी तिथली ती खुर्ची मला लागेल.

याकिमाचं काय, ते आरासेली बोलली नाही, मीही विचारलं नाही. सकाळी किल्ल्या तिनंच उचलल्या. "चला, मी चालवते," म्हणाली. वीस मैलांच्या वेगानं आणलं, मागे भोंग्यांची रांग लागली होती. आता पार्किंगमध्ये तीनदा मागेपुढे केलं तरी चाक पिवळ्या रेघेवरच आहे. मी काही बोलले नाही.

माझाही कागद त्या साठांत आहे. तोही खोडा. सावरणं शून्य, झोप शून्य, पुढचंही बहुतेक शून्यच धरा. फक्त ते आधाराचं वाक्य आहे ना, त्याच्यापुढे फेब्रुवारीत मी न वाचताच चार लिहिले होते. ते तेवढे राहू द्या.